खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुब्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया (आर्थ्रोस्कोपी) सुचवली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘टाके किती?’ खरं तर तो शेवटचा प्रश्न असायला हवा. बाहेरून छिद्रं दोन-तीनच दिसतात, पण आत हाड घासलं जातं, फाटलेला भाग शिवला जातो आणि पुढे काही महिने तो सांधा जपावा लागतो. ही शस्त्रक्रिया कुणावर करावी आणि कुणावर करू नये, यावर तिचं यश सगळ्यात जास्त अवलंबून असतं. म्हणून खालच्या उत्तरांत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

गुडघ्याची दुर्बीण ऐकली आहे. खुब्याची वेगळी असते का?

तत्त्व एकच, पण काम बरंच अवघड. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत खोल बसलेला असतो. उखळीच्या काठावर लॅब्रम नावाची लवचिक कडा असते. नळाच्या वायसरसारखी ती गोळ्याला घट्ट धरते आणि सांध्यातलं वंगण आतच राखते. गोळा आणि उखळ दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि सगळ्यावरून जाड वेष्टन असतं.

गुडघा कातडीखाली लगेच हाताला लागतो. खुबा मात्र स्नायूंच्या जाड थराखाली असतो आणि गोळा व उखळ यांच्यात दुर्बीण शिरेल एवढी फट मुळात नसते. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी 1931 साली मृतदेहांवर प्रयोग करून हेच नोंदवलं होतं: गोळा आणि उखळ यांच्यामध्ये सुई घालणं अशक्य आहे. पाय ओढून ती फट तयार करण्याचं तंत्र बसल्यावरच ही शस्त्रक्रिया रुजली. जेम्स ग्लिक यांनी रुग्णाला कुशीवर झोपवून आणि थॉमस बर्ड यांनी उताणं झोपवून करायच्या पद्धती अमेरिकेत बसवल्या. आज दोन्ही वापरात आहेत, उताणी जास्त.

कोणत्या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करतात?

सगळ्यात जास्त वेळा ‘इम्पिंजमेंट’साठी, म्हणजे हाडाला हाड अडण्याच्या दुखण्यासाठी. गोळा आणि त्याची मान (गोळ्याखालचा मांडीच्या हाडाचा निमुळता भाग) जिथे जुळतात तिथे नैसर्गिक खोलगट बाक असतो. काहींच्यात तिथे बाकाऐवजी उंचवटा असतो. त्याला कॅम म्हणतात. उकिडवं बसलं, वाकून बुटाची नाडी बांधली, खोल खुर्चीत बराच वेळ बसलं, की हा उंचवटा उखळीच्या काठाखाली घुसतो आणि तिथली कूर्चा हाडापासून सोलायला लागतो. काहींच्यात उलट असतं: उखळीचाच काठ जास्त पुढे आलेला असतो आणि मधे सापडून लॅब्रम चेपतं. त्याला पिन्सर म्हणतात. बऱ्याच रुग्णांत दोन्ही थोडं थोडं सापडतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी 2003 मध्ये ही कारणमीमांसा मांडली. तोवर अशा तरुण रुग्णांना ‘स्नायू आखडला आहे’ एवढंच सांगितलं जाई.

याशिवाय सांध्यात सुटलेले कूर्चेचे तुकडे काढणं, सुजलेल्या अस्तराचा तुकडा तपासणीला घेणं (क्षयाची शंका असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं) आणि पू झालेला सांधा धुणं यासाठीही दुर्बीण वापरतात.

दुखणं खुब्याचंच आहे हे कसं कळतं?

आपल्याकडे ‘खुबा दुखतो’ म्हणताना बरेच जण कमरेच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर हात ठेवतात. सांध्याचं दुखणं सहसा जांघेत जाणवतं. कुठे दुखतं विचारल्यावर पुष्कळ रुग्ण अंगठा मागच्या बाजूला आणि बाकीची बोटं जांघेच्या बाजूला ठेवून खुब्याला चिमटीत धरल्यासारखं दाखवतात. हाताचा तो इंग्रजी ‘सी’ दिसला की सांध्याची शंका घ्यावी. बाहेरच्या बाजूला, त्या अंगावर झोपल्यावर दुखत असेल, तर ते बहुधा तिथल्या स्नायूबंधाचं असतं. मागे कुल्ल्यात दुखून पायात कळ जात असेल तर आधी कंबर तपासावी. जांघेत दुखण्याचं कारण हर्निया किंवा स्त्रियांमध्ये गर्भाशय-अंडाशयाचं दुखणंही असू शकतं.

तपासताना गुडघा पोटाकडे घेऊन, आत वळवून मांडी आतल्या बाजूला फिरवतात. नेहमीची कळ त्याच जागी उठली तर सांध्याकडे बोट जातं. त्यानंतर दोन्ही खुबे दिसतील असा एक्स-रे, मानेचा उंचवटा दाखवणारा खास कोनातला एक्स-रे आणि एमआरआय. हाडाचा आकार नेमका मोजायचा असेल तर सीटी स्कॅन.

शंका उरली तर सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या आधाराने सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात. मग घरी न जाता तासभर जिने चढा, खाली वाका, नेहमी ज्यानं दुखतं ते करून बघा. काही तासांपुरतं दुखणं स्पष्ट कमी झालं तर ते सांध्यातूनच येत होतं. अजिबात फरक पडला नाही तर शस्त्रक्रियेची घाई करू नये. ही साधी चाचणी पुष्कळ चुकीच्या शस्त्रक्रिया वाचवते.

एमआरआयमध्ये ‘लॅब्रल टीअर’ आलं आहे. आता शस्त्रक्रिया अटळ आहे का?

नाही. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही लॅब्रमच्या चिरा सर्रास सापडतात. इम्पिंजमेंटचं निदान करण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात, असं तज्ज्ञांनी 2016 च्या वॉरविक करारात ठरवलं आहे: रुग्णाचा त्रास, तपासणीतली खूण आणि चित्रातला आकार. नुसत्या रिपोर्टवर कुणी तारीख द्यायला लागलं तर दुसरं मत घ्या.

आधी किमान तीन महिने व्यवस्थित व्यायाम करून बघावा. कुल्ल्याचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणं, खोल बसणं टाळणं, खुर्चीची उंची वाढवणं. शेक आणि मशीन घेऊन दहा दिवसांत परत आलेल्या फिजिओथेरपीला व्यायामाचा उपचार म्हणता येणार नाही.

ही शस्त्रक्रिया कुणी करू नये?

ज्यांच्या सांध्याची झीज पुढे गेली आहे त्यांनी. एक्स-रेमध्ये गोळा आणि उखळ यांच्यातली फट 2 मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरली असेल, तर दुर्बिणीने मिळालेला आराम बहुतेकदा टिकत नाही आणि थोड्याच वर्षांत सांधा बदलावा लागतो. पन्नाशीनंतर निकाल उतरत जातात, पण वयापेक्षा कूर्चा किती उरली आहे हे महत्त्वाचं.

दुसरा गट उथळ उखळीचा, आणि इथली चूक जास्त महागात पडते. उखळीने गोळ्याला किती झाकलं आहे हे एका कोनाने मोजतात. तो 25 अंशांच्या वर असेल तर झाकण पुरेसं, 20 च्या खाली असेल तर उखळ उथळ. उथळ उखळीत लॅब्रम आणि वेष्टन हेच गोळ्याला धरून असतात. दुर्बिणीने वेष्टन कापून ते नीट शिवलं नाही, किंवा उखळीचा काठ आणखी घासला, तर गोळा बाहेर सरकू लागतो आणि सांधा पूर्वीपेक्षा वाईट होतो. अशा तरुण रुग्णाला उखळ कापून फिरवण्याची मोठी शस्त्रक्रिया लागते. 20 ते 25 अंशांच्या मधले रुग्ण अनुभवी सर्जननेच हाताळावेत.

मला एव्हीएन सांगितलं आहे. दुर्बिणीने बरं होईल का?

आपल्याकडे तरुण वयात खुबा खराब होण्याचं हे मोठं कारण आहे: स्टेरॉइडची औषधं, दारू, सिकलसेल, जुना मार. त्यात गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड आतून मरतं. रोग हाडाच्या आत असल्यामुळे सांध्यात दुर्बीण घालून तो बरा होत नाही.

गोळा खचण्याआधी, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात, जे करतात ते ‘कोअर डीकम्प्रेशन’. तीही छोट्या छिद्राचीच शस्त्रक्रिया आहे. मांडीच्या वरच्या बाहेरच्या बाजूने एक्स-रे बघत तार घालतात आणि त्या मार्गाने 8 ते 10 मिलिमीटरचं एक भोक किंवा 3 मिलिमीटरची अनेक भोकं मेलेल्या भागापर्यंत पाडतात. आतला दाब उतरतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. काही ठिकाणी कमरेच्या हाडातला मगज काढून, गाळून तिथे भरतात. भोक फार खाली पाडलं तर मांडीचं हाड तिथे मोडू शकतं. म्हणून साधारण सहा आठवडे कुबड्या सोडायच्या नाहीत. गोळा एकदा खचला की याचा उपयोग उरत नाही. एका खुब्यात एव्हीएन सापडलं तर दुसऱ्याचाही एमआरआय करून घ्या, तो न दुखताही बिघडलेला असू शकतो.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

पूर्ण भूल किंवा पाठीतून भूल देतात. स्नायू पूर्ण सैल पडले पाहिजेत, नाहीतर पाय ओढायला जास्त जोर लागतो. दोन्ही पावलं कापसाने गुंडाळून बुटांत बांधतात आणि दोन मांड्यांच्या मधे जाड गादीचा खांब ठेवतात, किंवा खांबाशिवाय उताराच्या टेबलावर घसरू न देणाऱ्या गादीवर झोपवतात.

मग पाय हळूहळू ओढतात आणि सी-आर्मच्या (टेबलाशेजारच्या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या) पडद्यावर फट बघत राहतात. 8 ते 10 मिलिमीटर मिळाली की पुरे. लांब पोकळ सुई मांडीच्या बाहेरच्या उंचवट्याच्या वरून सांध्यात घालतात. सुईच्या आतली काडी काढली की हवा आत शिरते, लॅब्रमची पकड सुटते, पडद्यावर गोळ्याभोवती काळी चंद्रकोर उमटते आणि तेवढ्याच जोरावर फट आणखी मोकळी होते. ही सुई लॅब्रमला भोसकून जाणं किंवा गोळ्याची कूर्चा खरवडणं ही शिकाऊ हाताची नेहमीची चूक. म्हणून इथे घाई नको.

सुईतून बारीक लवचिक तार, तारेवरून नळी, नळीतून दुर्बीण. ही दुर्बीण 70 अंशांत तिरकी बघणारी असते, कारण सरळ बघणारीला गोळ्याच्या वळणापलीकडचं दिसत नाही. दुसरं छिद्र आतून बघत पाडतात. सलाइनचा पंप साधारण 40 ते 60 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबावर ठेवतात. दोन छिद्रांच्या मधलं वेष्टन थोडं कापल्यावरच हत्यारं फिरायला जागा मिळते.

आधी आकड्याने लॅब्रम उचलून बघतात. ते शिवण्याजोगं असेल तर उखळीच्या काठाला बारीक भोकं पाडून त्यात धागा लावलेले अँकर (हाडात रुतणाऱ्या छोट्या खुंट्या) ठोकतात आणि लॅब्रम जागेवर बांधतात. किती अँकर हे चिरेच्या लांबीवर, बहुधा दोन ते चार. मग ओढ सोडतात. ही ओढ दोन तासांच्या आत संपलीच पाहिजे. पुढचं काम, म्हणजे मानेवरचा कॅम बरने (हाड घासणाऱ्या फिरत्या टोकाने) घासणं, ओढीशिवाय पाय वाकवून होतं. इथे हात मोजून चालवावा लागतो: कमी घासलं तर अडणं तसंच राहतं, आणि मानेच्या जाडीच्या 30 टक्क्यांहून जास्त हाड गेलं तर मान मोडण्याचा धोका वाढतो. घासून झाल्यावर टेबलावरच पाय पूर्ण वाकवून, आत फिरवून कुठे अडत नाही ना हे बघतात. शेवटी वेष्टन शिवतात. एकूण दीड ते अडीच तास. कातडीवर प्रत्येक छिद्राला एक-दोन टाके. ‘बिनटाक्याची’ म्हणतात ती ही अशी.

दुर्बिणीतून खुबा बदलतात का?

नाही. कृत्रिम उखळ आणि गोळा छिद्रातून आत जाऊ शकत नाहीत. ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ सांधेबदल म्हणजे पूर्वीच्या मोठ्या चिरेऐवजी साधारण 8 ते 10 सेंटिमीटरची चीर, किंवा स्नायू न कापता समोरून त्यांच्या मधून वाट काढणं. सुरुवातीचे आठवडे यात सोपे जातात. वर्षभरानंतर चालण्यात फारसा फरक उरत नाही. तेव्हा चिरेच्या लांबीपेक्षा सर्जनचा हात ज्या वाटेला सरावलेला आहे ती वाट निवडा.

फायदा किती होतो, खरं सांगा.

ब्रिटनमध्ये इम्पिंजमेंटच्या रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 348 रुग्ण होते. वर्षभरानंतर दुर्बिणीच्या गटाला खुब्याच्या 100 गुणांच्या मापावर, देखरेखीखाली व्यायाम केलेल्या गटापेक्षा 6.8 गुण जास्त मिळाले. 2019 च्या चाचणीत 222 रुग्ण होते. रोजच्या हालचालीत जाणवण्याजोगी सुधारणा दुर्बिणीनंतर 51 टक्क्यांना, व्यायामानंतर 32 टक्क्यांना झाली. म्हणजे शस्त्रक्रिया सरस ठरली, पण सगळे बरे झाले नाहीत आणि केवळ व्यायामानेही जवळपास एक-तृतीयांश सुधारले. पुढची झीज यामुळे टळते, असं आज कुणी ठामपणे सांगू नये.

धोके कोणते?

सर्वांत जास्त दिसतो तो बधिरपणा. मधल्या खांबाच्या दाबामुळे जननेंद्रियांभोवती आणि बुटाच्या दाबामुळे पावलावर मुंग्या किंवा बधिरपणा येतो. तो बहुतेकांचा दिवसांत-आठवड्यांत जातो. लाजेने हे कुणी बोलत नाही आणि मनातल्या मनात घाबरत राहतं. कृपया पहिल्याच दिवशी सांगा. मांडीच्या बाहेरच्या कातडीचा बधिरपणा छिद्राजवळच्या नसेमुळे येतो, तो कधीकधी कायमचा राहतो.

दुर्मीळ पण गंभीर म्हणजे सलाइन पोटात झिरपणं. शस्त्रक्रिया लांबली किंवा पंपाचा दाब जास्त असला तर हे होतं. भुलीतून उठल्यावर पोट टणक, फुगलेलं वाटलं, श्वास कोंडला, तर लगेच सांगायचं. याशिवाय पायात रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, सांध्याबाहेर नको तिथे हाड तयार होणं (ते टाळायला दोन-तीन आठवडे सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात, आम्लपित्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा), गोळ्याखालची हाडाची मान मोडणं आणि सांधा सैल पडणं.

पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, ताप आला किंवा छिद्रातून पाणी-पू येत राहिला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आधी घरी काय तयारी करावी?

तंबाखू, मिश्री, सिगारेट चार आठवडे आधी बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना यादी दाखवा. साखर आटोक्यात आणा. कुबड्या आदल्या आठवड्यात आणून चालण्याचा सराव करा. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुखत्या पायाने शिकणं त्रासाचं होतं. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा. जमिनीवर गादी टाकून झोपत असाल तर खाटेची सोय करा.

नंतर पायावर भार कधी द्यायचा?

नुसतं शिवलं-घासलं असेल तर दोन ते चार आठवडे सुमारे 20 किलो भार, पाऊल सपाट टेकवून. पाय हवेत धरून चालू नका. त्याने जांघेतला स्नायू ताणून सुजतो आणि महिनाभर छळतो. 20 किलो म्हणजे किती हे वजनकाट्यावर पाऊल ठेवून, काटा 20 वर येईपर्यंत दाबून शिका. दिवसातून दोनदा केलं की पायाला अंदाज बसतो. कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक भोकं पाडली असतील तर हाच काळ सहा ते आठ आठवडे.

बिनजोराची स्थिर सायकल पहिल्या आठवड्यातच सुरू करतात, सीट उंच ठेवून. सांध्यात चिकटे होऊ नयेत म्हणून ती हवीच. शिवलेलं वेष्टन जपायला पहिले तीन आठवडे पाय मागे ताणणं आणि बाहेर फिरवणं बंद. पळणं साधारण तीन-चार महिन्यांनी, कबड्डी-क्रिकेटसारखे खेळ चार ते सहा महिन्यांनी, तेही दोन्ही पायांची ताकद सारखी झाल्यावर.

मांडी घालून कधी बसता येईल? संडासला? गाडीवर?

मांडी घालताना पाय बाहेर फिरतो आणि शिवलेल्या वेष्टनावर ताण येतो. म्हणून साधारण तीन महिने नको. नंतर फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, आधी पाटावर किंवा उशीवर बसून सुरुवात करावी. उकिडवं बसणं त्याच्याही नंतर, आणि ते रोजची गरज म्हणून नको. ज्यांची उखळ खोल आहे त्यांनी कमोड कायमचा ठेवला तर सांधा जास्त टिकेल, असं आमचं मत आहे. पूजेला किंवा पंगतीला खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही.

मोटारसायकलवर पाय पलीकडे टाकण्याची हालचाल सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण बंद. चारचाकी चालवणं: उजवा खुबा असेल तर कुबड्या सुटून ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत थांबा, बहुतेकांना चार ते सहा आठवडे लागतात.

खर्च कशावर ठरतो?

खोली आणि सर्जनची फी सोडली तर मोठा आकडा एकदाच वापरायच्या सामानाचा असतो: अँकर, बर, रेडिओफ्रिक्वेन्सीची (विजेच्या लहरींनी आतला भाग कापणारी) कांडी, पंपाच्या नळ्या. अँकर किती लागतील ते आत गेल्यावरच ठरतं. म्हणून अंदाजपत्रकात प्रत्येक अँकरची किंमत वेगळी लिहून मागा. विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या कागदात ‘आर्थ्रोस्कोपी’बरोबर लॅब्रम शिवणं आणि हाड घासणं हेही लिहिलेलं असावं, नाहीतर दावा कापला जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली नेमकी शस्त्रक्रिया बसते का, ते भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून तपासून घ्या.

शस्त्रक्रियेनंतरही दुखत राहिलं तर?

सहा महिन्यांपर्यंत चढ-उतार चालतात. त्यानंतरही जांघेत तीच जुनी कळ असेल तर पुन्हा एक्स-रे आणि सीटी करावा. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागण्याचं मोठं कारण म्हणजे पहिल्या वेळी पुरेसा न घासलेला कॅम. इतर कारणं: चिकटे, न शिवलेलं वेष्टन, आधीच झिजलेला सांधा. सर्जनला आधीच विचारा: खुब्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया वर्षाला किती करता? वेष्टन शिवता का? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

कोणते कागद जपून ठेवायचे?

शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे एक्स-रे, एमआरआय-सीटीची सीडी, शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, आतले फोटो आणि अँकरच्या खोक्यावरचे स्टिकर. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘हिप आर्थ्रोस्कोपी’ लिहिलेलं असतं, त्यातून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. कूर्चा कुठे आणि किती गेली होती, किती अँकर कुठे बसवले, ओढ किती मिनिटं दिली, हे नोंदीत आहे ना ते घरी जाण्यापूर्वी वाचून घ्या. नसेल तर तिथेच लिहून मागा.